निरोप, जसाच्या तसा

फोन आला तेव्हा मी विक्रोळीला ऑफिसात होते. डबा उघडून नुकतीच बसले होते. स्क्रीनवर सईचं नाव. सई म्हणजे माझी मुलगी, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. “आई, आत्या गेली,” ती म्हणाली. “आत्ताच. बाबा आणि मी जवळ होतो. शेवटी थोडा त्रास झाला, फार नाही. बाबा रडतायत, पण ठीक आहेत. तू रिक्षा करून ये, घाई करू नकोस.” मग म्हणाली, “एवढंच,” आणि तिने फोन ठेवला. मी डब्याचं झाकण लावलं. शेजारच्या टेबलवरच्या मैत्रिणीने विचारलं, काय झालं? तेव्हा मला सगळं एका दमात सांगता आलं, कारण सगळं माझ्यापर्यंत नीट पोचलं होतं. पुढचे कितीतरी दिवस भेटायला येणारे विचारत राहिले, “शांतपणे गेल्या ना? झोपेतच ना?” आणि आम्हीही “हो, हो” करत मान डोलवत राहिलो. जसं घडलं तसं मला एकट्या सईने सांगितलं होतं. आणि असं सांगायला तिला जिने शिकवलं, त्या बाईच्या जाण्याचाच तो निरोप होता…

शैलाताई माझ्या मोठ्या नणंद. दिलीपपेक्षा, म्हणजे माझ्या नवऱ्यापेक्षा, बऱ्याच मोठ्या. मूळ गाव मालवणजवळचं, वडील गिरणीत. गिरण्या बंद पडल्या त्या वर्षांत घर ताईंच्या पगारावर चाललं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या त्या. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं तर “वेळ नाही मिळाला” एवढंच म्हणायच्या, जशी काही भाजी आणायची राहून गेली असावी. मी लग्न होऊन घाटकोपरला, पंतनगरच्या त्या दोन खोल्यांच्या घरात आले, तेव्हा मला खरी धास्ती सासूबाईंची नव्हती, ताईंची होती. पहिल्याच रविवारी त्यांनी ओट्यावर बांगडे टाकले आणि विचारलं, “साफ करता येतात?” मी नाही म्हटलं. “बरं झालं सांगितलंस. नाहीतर वाट लावली असतीस. बस इथे.” आणि कल्ल्यात बोट कसं घालायचं ते दाखवलं. आमची मैत्री तिथून सुरू झाली. त्या मला ‘वीणा’ आणि ‘तू’, मी त्यांना ‘ताई’ आणि ‘तुम्ही’. भांडतानासुद्धा हे बदललं नाही, आणि भांडलो आम्ही पुष्कळ.

एक्स्चेंजमध्ये माणसांची गरज कमी झाली तशी त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्यानंतरचे काही महिने आम्हा सगळ्यांनाच अवघड गेले. तीन-तीनदा फरशी पुसायच्या. माझे मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे लावून ठेवायच्या. दिलीपला म्हणायच्या, “तुझ्या बुटांची लेस नीट नाही.” शेवटी जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, आमच्याच कॉलनीतल्या, एकदा म्हणाल्या की शाळेत छोट्या मुलींचं बुलबुल पथक आहे, ते चालवणाऱ्या बाई बाळंतपणाच्या रजेवर जातायत, महिनाभर सांभाळाल का? स्काउट-गाइड सगळ्यांना ठाऊक असतात. त्यांच्याहून लहान, पहिली ते चौथी-पाचवीतली मुलं म्हणजे कब आणि मुली म्हणजे बुलबुल. ताई ‘बघू’ म्हणाल्या, पण दुसऱ्या दिवशी माझ्याकडे इस्त्री मागितली. मग प्रशिक्षणाच्या शिबिराला गेल्या, आपल्या निम्म्या वयाच्या शिक्षिकांबरोबर तंबूत राहिल्या, आणि उन्हाने काळवंडून, गळ्यात स्कार्फ बांधून, आवाज पार बसलेल्या अवस्थेत परत आल्या. “झकास होतं गं,” एवढंच घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. रजेवर गेलेल्या बाई पुन्हा त्या पथकावर आल्याच नाहीत. महिन्याचं काम ताई शेवटपर्यंत करत राहिल्या.

बुलबुलमध्ये मुली पंख मिळवतात, म्हणजे छातीवर लावायचे बॅज. आधी वचन घेऊन पथकात यायचं, मग कोमल पंख, मग रजत पंख, मग सुवर्ण, असं वर वर चढत जायचं. प्रत्येक पंखाआधी छोट्या छोट्या चाचण्या. दात, नखं, केस स्वच्छ ठेवणं. दोरीवरच्या उड्या. रीफ नॉट, म्हणजे दोरीची दोन टोकं जोडणारी गाठ, बांधणं. डोक्यावर पुस्तक ठेवून न पाडता चालणं. बोट कापलं तर काय करायचं. दिवसाकाठी एखादं तरी कुणाच्या उपयोगी पडेल असं काम करणं. ऐकायला पोरखेळ वाटतो, आणि बऱ्याच ठिकाणी तो तसा उरकतातही. वार्षिक समारंभाच्या आधी सगळ्यांना रांगेत उभं करून पंख लावून टाकतात. ताईंकडे तसं नव्हतं. शनिवारी सकाळी शाळेच्या मैदानावर वर्ग, आणि ज्यांचं काही राहिलं असेल त्या नंतर आमच्या घरी. मग आमच्या खुर्च्यांच्या पायांना दोऱ्या, मोरीत रुमाल धुणाऱ्या पोरी, आरशासमोर एकमेकींच्या वेण्या. सुवर्ण पंखासाठी एका शनिवारी ताईंनी एवढ्या मुलींच्या हातचा चहा प्यायला की दुपारी हात थरथरायला लागले. मी म्हटलं, “ताई, एक एक घोट घ्यायचा ना!” तर म्हणाल्या, “पोरीने कपभर केलाय. एका घोटात तिचा चहा कसा कळेल मला?”

मुलींवर ओरडताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. गाठ सुटली तर त्या फक्त मुलीच्या शेजारी मांडी घालून बसायच्या आणि स्वतःही पहिल्यापासून बांधायला घ्यायच्या. मुलगी बघायची, बांधायची, गाठ पुन्हा सुटायची. “माझीपण सुटायची,” ताई म्हणायच्या. कुणाला चार शनिवार लागले, कुणाला पाऊण वर्ष. आया माझ्याकडे तक्रार घेऊन यायच्या, वहिनी, सांगा ना ताईंना, एवढं काय ते… मी हसून टाळायचे. कारण ज्या दिवशी पंख मिळे त्या दिवशी ती मुलगी जिना कशी उतरते ते मी आमच्या दारातून पाहिलेलं होतं. एका हाताने छातीवरचा पंख झाकून, जसा काही वाऱ्याने उडून जाईल.

मग आमची सई पथकात आली. सई लहानपणापासून बोलकी, मायाळू, कुणाला दुखवायचं नाही अशी. कोमल पंख तिने सहज मिळवला. रजत पंखाच्या वेळी अडली ती निरोपाच्या चाचणीत. चाचणी साधी होती. ताई मैदानाच्या या टोकाला मुलीच्या कानात दोन-तीन वाक्यं सांगणार, मुलीने पळत जाऊन दुसऱ्या टोकाला बसलेल्या शाळेच्या शिपाईकाकांना ती सांगायची. काही गाळायचं नाही, काही घालायचं नाही. ताईंचा या चाचणीवर फार जीव. आयुष्यभर तेच केलं होतं ना त्यांनी. एका माणसाचं दुसऱ्यापर्यंत पोचवायचं आणि मधून स्वतः बाजूला व्हायचं.

सईला निरोप होता, “शनिवारी कवायत नाही, गाणं आहे. बूट नकोत, चपला चालतील. दोरी मात्र हवी.” सई धावत गेली आणि काकांना म्हणाली, “शनिवारी कवायत नाही, गाणं आहे, खूप छान गाणं आहे. चपला चालतील, पण बूट घातले तरी ताई ओरडणार नाहीत. आणि दोरी हवी, पण नसली तर माझ्याकडे जास्तीची आहे, मी देईन.” काका हसून हसून बेजार. ताईसुद्धा हसल्या. पण पंख दिला नाही. पुढच्या वेळीही तेच. प्रत्येक निरोपाला सईचं एखादं शेपूट असायचंच, आणि ते शेपूट नेहमी ऐकणाऱ्याला बरं वाटावं म्हणून जोडलेलं. मला घरी येऊन ताई म्हणाल्या, “काय करू गं हिचं? मन लोण्यासारखं आहे. पण निरोप काही पोचत नाही.”

तोवर वार्षिक समारंभ जवळ आला होता. वर्षभरात मिळवलेले पंख त्या दिवशी स्टेजवर, सगळ्यांसमोर पुन्हा लावत. दिलीपने भांडुपच्या मामांना, मामींना, ऑफिसातल्या एका मित्राला सहकुटुंब बोलावून ठेवलं होतं. लेकीला स्टेजवर पंख मिळणार, आणि तो देणार तिची आत्या, म्हणजे काय थाट! समारंभाच्या आदल्या आठवड्यात जेवताना ताईंनी सांगितलं की सईचं नाव यंदा नाही. दिलीपला आधी वाटलं, चेष्टा करतायत. मग त्याचा घास हातातच राहिला.

“ताई, आठ वर्षांची पोरगी आहे ती. कोर्टात साक्ष द्यायला चाललीय का?”

“तिने निरोप बदलला, दिल्या.”

“बदलला म्हणजे काय? चांगलंच बोलली ना ती?”

“चांगलंच बोलली. पण मी सांगितलेलं नाही बोलली.”

“अगं, तुझ्या घरातली आहे ती!”

“म्हणूनच,” ताई म्हणाल्या, आणि आमटी वाढून घेतली.

दिलीप ताटावरून उठला. त्या दिवसापासून दोघांचा अबोला. दोन खोल्यांच्या घरात अबोला धरणं किती कठीण असतं ते धरून बघितल्याशिवाय कळायचं नाही. चहाची वेळ एक, मोरी एक, टीव्ही एक. “वीणा, सांग तिला, कालवणात मीठ कमी आहे.” “वीणा, सांग त्याला, मीठ बरणीत आहे, बरणी ओट्यावर आहे.” मी दोघांच्या मध्ये नुसती भरडले जात होते. समारंभाला सगळे गेलो. सई पथकाच्या रांगेत बसली होती, तिच्या मैत्रिणी एकेक करून पुढे जात होत्या. मी तिच्याकडे बघायला धजत नव्हते. बघितलं तर ही सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवतेय. दिलीप मात्र मध्येच उठून बाहेर गेला. मामी माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, “बापाचा जीव तुटता गो,” आणि ते खरंच होतं.

त्यानंतरच्या एका संध्याकाळची गोष्ट. मी आणि ताई स्वयंपाकघरात मेथी निवडत बसलो होतो. दिलीप ऑफिसातून आला तोच भडकलेला. दिवसभर कुणाकुणाचं ऐकून घेतलेलं असणार. बाहेरच्या खोलीत सईने त्याला काहीतरी सांगितलं, शनिवारी आत्या पुन्हा चाचणी घेणार आहे वगैरे. आणि त्याचा बांध फुटला. भिंतीआडून आम्हाला आवाज कळत होता, शब्द कळत नव्हते. मग सई आत आली. दाराशी नीट उभी राहिली, हात सरळ खाली.

“आत्या, बाबांचा निरोप आहे.”

“सांग.”

“तू टेलिफोनच्या खोलीत आयुष्य काढलंस. माणसांत कसं राहायचं ते तुला कळत नाही. तुझा बॅज तुझ्याजवळ ठेव. माझ्या मुलीला त्याची गरज नाही.”

माझ्या हातातली जुडी खाली पडली. ताईंचे हात तसेच थांबले. घरात त्यांना असं कुणी कधी बोललं नव्हतं. सासूबाईसुद्धा नाही, आणि सासूबाईंची जीभ काही मऊ नव्हती. मी “सई, तू जा बाहेर” म्हणणार तोच ताई म्हणाल्या, “पुन्हा सांग.” सईने पुन्हा सांगितलं. तेच शब्द, त्याच क्रमाने. ताई तिच्याकडे टक लावून बघत होत्या.

“बाबा हे सांगताना रागावला होता?”

 मला दिसत होतं, पोरीच्या ओठांशी कितीतरी शब्द आले होते. बाबा दमलेत, बाबांचं तसं म्हणणं नाहीये, बाबांचं तुझ्यावर प्रेम आहे… तिने हात पुन्हा सरळ केले.

“ते निरोपात नव्हतं, आत्या.”

ताई उठल्या. हात धुतले, पदराला पुसले. आतून पंख घेऊन आल्या आणि सईच्या घरातल्या जुन्या फ्रॉकवर, छातीशी, पिनेने लावला. सईने खाली मान घालून पंखाकडे बघितलं आणि मग रडायलाच लागली. “तुला वाईट वाटलं का?” ती विचारत होती. “वाटलं,” ताई म्हणाल्या. “मग मला पास का केलंस?” “वाईट मला वाटलं ना. त्यात तुझं काय चुकलं? तू तुझं काम केलंस. आता माझा निरोप घेऊन जा. म्हणावं, निरोप मिळाला, शब्दन् शब्द मिळाला. पोरगी पास झाली. रविवारी सुरमई आणतेय, घरी जेव.”

सई डोळे पुसत बाहेर गेली. तिचा आवाज आम्हाला ऐकू आला. मग दिलीप स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला, अजून ऑफिसच्याच कपड्यांत. एवढा मोठा बाप्या, पण चेहरा काच फोडून घरी आलेल्या पोरासारखा. “ताई, मला तसं म्हणायचं नव्हतं.” “म्हणायचं होतं म्हणून म्हणालास,” ताई मेथी ओढून घेत म्हणाल्या. “बस इथे. पानं तोड. देठ घेऊ नकोस.” तो बसला. आम्ही तिघांनी मेथी निवडली. कुणी कुणाची माफी मागितली नाही. अबोला मात्र संपला, आणि त्या रविवारी दिलीपने सुरमईचे तुकडे मोजून ताईंच्याच ताटात जास्त वाढले, तर त्या म्हणाल्या, “मेल्या, माका लाच देतस?” तेव्हा कुठे तो हसला.

पण दुखलं होतं त्यांना. पुढे एकदा, आम्ही दोघीच गच्चीवर पापड वाळत घालत असताना, त्या आपणहूनच म्हणाल्या, “दिल्या बोलला ते काही अगदीच खोटं नव्हतं गं. सगळ्या दुनियेची लग्नं ठरली माझ्या कानात. मुलगा झाला, म्हातारी गेली, नोकरी लागली. ऐकायचं नाही असा नियम, पण कानात पडायचंच ना? मी जोडून द्यायचे आणि बाजूला व्हायचे. बरी होती ती नोकरी. पण सुटली तेव्हा लक्षात आलं की आपल्याशी बोलायला म्हणून कुणी फोन केलाच नव्हता कधी.” मी पापड सरळ करत राहिले. तेवढ्यात खालून तीन-चार चिमणे आवाज आले, “ताईऽऽ! ताई, नखं दाखवायचीयत!” आणि त्या पदर खोचून, पापड माझ्यावर सोडून, जिना उतरून गेल्यासुद्धा.

वर्षं गेली. सईने पुढचे पंख मिळवले, मग गाइड झाली, मग दहावी आली आणि स्कार्फ कपाटात गेला. पहिल्या बुलबुल मुलींपैकी काहींची लग्नं झाली. एकीने आपली लेक आणून ताईंच्या पथकात घातली. आमच्या कॉलनीची जुनी बिल्डिंग पाडून टॉवर उभा राहिला. आम्ही मधली वर्षं भाड्याने मुलुंडला काढली, तर ताई दर शनिवारी मुलुंडहून बसने घाटकोपरला येत राहिल्या. नव्या घरात आल्यावर त्यांचं पोट दुखायला लागलं. आधी ॲसिडिटी म्हणून गोळ्या झाल्या, मग सोनोग्राफी, मग मोठ्या हॉस्पिटलातल्या तपासण्या. डॉक्टरांनी आम्हा तिघांना बसवून सांगितलं. बाहेर कॉरिडॉरमध्ये दिलीप म्हणाला, “ताईला काही बोलायचं नाही. अल्सर आहे असं सांगायचं. ऐकतेस ना, सई?” मीही त्याच्याच बाजूची होते. आपल्याकडे असंच करतात सगळे.

पण ताईंना बनवणं सोपं नव्हतं. त्यांनी दिलीपला विचारलं. तो म्हणाला, अल्सर. मला विचारलं. मी म्हटलं, “पेज आणू का?” मग त्यांनी सईला हाक मारली. आम्ही दोघं तिथेच होतो. दिलीप सईकडे डोळे वटारून बघत होता, आणि त्या डोळ्यांत राग नव्हता, विनवणी होती.

“डॉक्टर काय म्हणाले गं?”

सईने एकदा बाबाकडे बघितलं. मग आत्याच्या पलंगापाशी खाली बसली आणि सांगितलं. कॅन्सर आहे. स्वादुपिंडाचा. पसरलाय. ऑपरेशनचा उपयोग नाही. दुखणं कमी राहील अशी औषधं देतील. वेळ किती ते नक्की सांगता येत नाही म्हणाले, पण फार नाही. सांगताना तिचा आवाज फुटला नाही. दिलीप ताडकन उठून बाल्कनीत गेला.

“अजून काही?” ताईंनी विचारलं.

“नाही. एवढंच म्हणाले.”

ताईंनी मान हलवली. मग सईच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, “निरोप पोचला. आता तुझं काय ते सांग.” आणि तेव्हा सई त्यांच्या कुशीत शिरून जी रडली, जे काय काय बोलली, ते मी इथे लिहिणार नाही. ते त्या दोघींचं. मी बाल्कनीत गेले. दिलीप कठड्याला धरून उभा होता. म्हणाला, “मला जमलंच नसतं, वीणा.” मला तरी कुठे जमलं होतं…

सत्य कळल्यामुळे ताई खचतील असं आम्हाला वाटलं होतं. झालं उलटंच. त्यांनी राहिलेले महिने हिशेबात धरले आणि कामाला लागल्या. गावच्या चुलतभावाला बोलावून घेऊन जुनं एक भांडण मिटवलं. मला त्यांच्या आईच्या हातचं तिखलं, ते माशांचं घट्ट तिखट कालवण, कसं करायचं ते पुन्हा एकदा नीट शिकवलं. आणि शनिवार सोडले नाहीत. आधी मैदानावर खुर्ची टाकून बसायच्या. नंतर खाली उतरणं जमेना तेव्हा मुलीच लिफ्टने वर यायला लागल्या. एकेकीने आत जायचं, दंगा नाही, असं सईने त्यांना बजावलं होतं. शेवटच्या काही शनिवारी ताई आडव्या पडूनच मुलींची गाणी ऐकायच्या, डोळे मिटलेले. एकदा मला वाटलं झोप लागली, म्हणून मी मुलीला खुणेने ‘झालं, जा’ म्हटलं. तर डोळे न उघडता म्हणाल्या, “अजून दुसरं कडवं राहिलंय तिचं.”

ताई आठवड्याच्या मधल्या एका दिवशी गेल्या. दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले, घर मोठं वाटायला लागलं. शाळेने पथकाचं काय ते ठरवू म्हणून कळवलं. नव्या बाई मिळेपर्यंत वर्ग बंद.

ताईंची एक चाचणी सांगायची राहिली. शर्टाला बटण लावणं. कापडाच्या चिंधीवर लावलेलं बटण त्यांना चालत नसे. घरातल्या माणसाच्या शर्टाला लावा, तो शर्ट त्या माणसाला घाला आणि माणूस घेऊन या. त्यामुळे कितीतरी शनिवारी आमच्या दारात कुणाचे बाप, कुणाचे काका, कुणाचे आजोबा छाती पुढे काढून, ओशाळं हसत उभे असायचे, आणि ताई चिमटीत बटण धरून असं काही खेचायच्या की ते गृहस्थ एक पाऊल पुढे यायचे.

गेल्या शनिवारी सकाळी बेल वाजली. दारात अंजू, दुसरीतली, मागच्या वस्तीतून येते ती. तिच्यामागे तिचे वडील, रिक्षाच्या खाकी शर्टात. “वहिनी, माफ करा हं,” ते म्हणाले. “ताई गेल्या ते हिला ठाऊक आहे. सगळं सांगितलंय. पण ऐकतच नाही ना. म्हणते, बटण लावलंय तर कुणीतरी बघायला पाहिजे. धंद्याला पण जाऊ देत नाही.”

“अंजू, मला नाही गं त्यातलं काही कळत,” मी म्हटलं.

“सोपं आहे,” अंजू म्हणाली. “दोन बोटांत धरायचं आणि ओढायचं.”

मी बटण धरून हलकेच ओढलं.

“असं नाही. जोरात.”

मी जोरात ओढलं. बटण दोऱ्यासकट माझ्या हातात आलं. वडील हसले, ओशाळून म्हणाले, “जाऊ द्या वहिनी, लहान आहे अजून.” माझ्याही अगदी ओठांवर आलं होतं, असू दे बाळा, छान लावलं होतंस, झालं तुझं. पण अंजूने माझ्या तळहातावरून बटण उचललं, लोंबणारा दोरा डोळ्यांजवळ धरून बघितला. “मागून गाठ मारायचीच राहिली,” ती स्वतःशीच म्हणाली आणि बटण फ्रॉकच्या खिशात टाकलं. मग वर बघून विचारलं, “तुम्ही शनिवारी घरी असता?”

शनिवार माझा एकच निवांत दिवस. बाजार, बँक, आईकडे डोंबिवलीला एक फेरी, सगळं त्याच दिवशी.

“असते,” मी म्हटलं.

एका हाताने उघडा शर्ट सावरत वडील लिफ्टकडे निघाले, ती त्यांच्या पुढे. आज गुरुवार आहे. आईला मी फोन करून सांगितलंय, या आठवड्यात रविवारी येते म्हणून.